घरातलं दुसरं मशीन

वॉशिंग मशीन मध्यमवर्गीय मराठी घरात दोनदा येतं. पहिल्यांदा येतं तेव्हा त्याचा थाट असतो. दसऱ्याचा किंवा पाडव्याचा मुहूर्त गाठलेला असतो, खोक्यावर हळदकुंकू वाहिलेलं असतं, शेजारच्या दोघीतिघी येऊन पाहून गेलेल्या असतात. दुसऱ्यांदा येतं ते घाईघाईत. जुनं मध्येच बंद पडलेलं, ड्रममध्ये अर्धवट भिजलेल्या चादरी, मेकॅनिकने ‘आता यात पैसे घालू नका’ असं सांगितलेलं आणि घरातल्या प्रत्येकाचं मत निराळं. जाहिराती आणि सवलती पहिल्या खरेदीच्या उत्साहावर बेतलेल्या असतात. दुसऱ्या खरेदीचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही, आणि खरी अडचण तिथेच असते. मशीन हवं की नको हा प्रश्न आता उरलेला नसतो. घराची घडी त्याच्याभोवती बसलेली असते. थोरांचे गुडघे मोरीत बसू देत नाहीत, नोकरीच्या वेळा धुण्याला थांबू देत नाहीत. प्रश्न एकच असतो : आता जे घेऊ, ते टिकेल का?

अमुक कंपनीचं तमुक मॉडेल घ्या, असं या लेखात सांगितलेलं नाही. दिवाळी अंक वर्षभर घरात राहतो आणि मॉडेलं त्याआधीच बदलतात, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं, की ‘कोणती कंपनी चांगली?’ हा प्रश्न पुरेसा नाही. एकच मशीन कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर बारा वर्षं चालतं आणि बोअरच्या पाण्यावरच्या घरात चौथ्या वर्षी कुरकुरायला लागतं. टिकाऊपणा ठरतो तो तीन गोष्टींनी : मशीनची रचना, घरचं पाणी-वीज आणि हाकेच्या अंतरावरची दुरुस्ती. या तिन्हींकडे एकेक करून पाहू.

धुण्याचा भार कुणावर

कपडे धुण्याचं यंत्र करायची धडपड जुनी आहे. जर्मनीतल्या रेगेन्सबर्ग गावच्या याकोब क्रिस्टियान शेफर या धर्मोपदेशक आणि निसर्ग-अभ्यासकाने १७६७ साली आपल्या धुलाई यंत्राची माहिती प्रसिद्ध केली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विजेवर चालणारी यंत्रं आली. १९३७ साली बेंडिक्स कंपनीने पाणी भरणं, धुणं, खळबळणं आणि पिळणं ही सगळी कामं आपापली करणारं घरगुती यंत्र आणलं. त्याला समोरून काचेचं दार होतं आणि ते जमिनीला बोल्टने घट्ट बसवावं लागे, नाहीतर पिळताना ते जागचं हले. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत वॉशिंग मशीन शिरलं ते १९८० आणि १९९० च्या दशकांत. त्यात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉनचा वाटा मोठा होता. गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत आयएफबीचा कारखाना उभा राहिला. आज पुण्याजवळ रांजणगावला एलजी आणि हायर यांचे कारखाने आहेत.

यंत्राने बायकांचे कष्ट वाचले, हे आपण गृहीत धरतो. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात या गृहीतकालाच हात घातला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : यंत्रामुळे एकेका कामातली अंगमेहनत घटली, पण स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या आणि पूर्वी जे काम धोबी, लॉण्ड्री किंवा मोलकरीण करत होती ते घरातल्या बाईकडे परत आलं. आपल्याकडेही आठवून पाहावं. पूर्वी पँट दोन दिवस चालत असे, आज अंगातून काढलेला कपडा थेट मशीनमध्ये पडतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या. असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. हा आकडा एकट्या धुण्याचा नाही. पण मशीन बंद पडतं तेव्हा ते काम या दोन आकड्यांपैकी कुठे जाऊन पडतं, हे सांगायला वेगळ्या सर्वेक्षणाची गरज नाही. म्हणून टिकाऊ मशीनचा प्रश्न पैशांचा आहे तसाच पाठीच्या कण्याचाही आहे.

‘पूर्वीची मशीनं टिकायची’

प्रत्येक चर्चेत हे वाक्य येतंच. कुणाच्या तरी मामांकडे तीस वर्षांपूर्वीचं मशीन अजून चालू असतं. ते खरंही असतं. पण त्याच वर्षी विकली गेलेली आणि आठ-दहा वर्षांत भंगारात गेलेली मशीनं आज कुणाच्या बोलण्यात येत नाहीत, कारण ती डोळ्यांसमोर नाहीत. उरलेल्यांवरून सगळ्यांचं अनुमान काढलं की जुनं ते सोनं वाटतंच.

तरीही ही तक्रार निव्वळ आठवणींचा गोडवा आहे असं म्हणता येत नाही. जर्मनीच्या संघीय पर्यावरण संस्थेसाठी तिथल्या ओको इन्स्टिट्यूट आणि बॉन विद्यापीठाने घरगुती उपकरणांच्या आयुष्याचा अभ्यास केला. त्यात असं दिसलं, की बदलल्या गेलेल्या मोठ्या उपकरणांपैकी बिघाडामुळे पाच वर्षांच्या आतच बदलावी लागलेली उपकरणं २००४ साली ३.५ टक्के होती, ती २०१२ साली ८.३ टक्के झाली. म्हणजे लवकर मोडणाऱ्यांचं प्रमाण दुपटीहून वाढलं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली, जी आपण सोयीस्कर विसरतो : बदलल्या गेलेल्या मोठ्या उपकरणांपैकी जवळजवळ एक तृतीयांश उपकरणं चालू अवस्थेत होती. लोकांना नवीन, अधिक चांगलं हवं होतं म्हणून ती गेली. वस्तूचं आयुष्य कमी झालं त्याला कारखाना जबाबदार आहे आणि आपली हौसही.

धुलाया मोजाव्यात

दुकानात सगळे हिशेब वर्षांत होतात. मशीनला मात्र वर्षं कळत नाहीत, फेऱ्या कळतात. बर्लिनच्या ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ या १९६४ साली स्थापन झालेल्या ग्राहक-चाचणी संस्थेत वॉशिंग मशीनची दमछाक चाचणी होते. दहा वर्षांचा वापर गृहीत धरून मशीनकडून अठराशेहून अधिक धुलाया करून घेतात. आठवड्याला साडेतीन धुलाया, असा तो हिशेब आहे.

आता आपल्या घरचा हिशेब मांडा. चार-पाच माणसांचं घर, उन्हाळ्यात दोनदा बदललेले कपडे, शाळेचे गणवेश. रोज एक धुणं निघतंच. वर्षाच्या ३६५ धुलाया. म्हणजे जर्मन घराची दहा वर्षं आपल्याकडे पाचच वर्षांत संपतात. ‘पाच वर्षांत गेलं’ अशी आपली तक्रार असते तेव्हा त्या मशीनने कदाचित आपल्या वाट्याचं सगळं काम केलेलं असतं. आठवड्यातून दोनदा मशीन लावणाऱ्या निवृत्त जोडप्याने आणि रोज दोनदा लावणाऱ्या एकत्र कुटुंबाने एकमेकांचे अनुभव ताडून पाहण्यात अर्थ नाही. शेजाऱ्यांना ‘किती वर्षं झाली?’ असं विचारलंत तर लगेच ‘आठवड्यातून किती वेळा लावता?’ हेही विचारा.

ड्रमच्या मागे

मशीनचं पुढचं दार सगळे पाहतात. आयुष्य ठरतं ते ड्रमच्या मागे. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये स्टीलचा सच्छिद्र ड्रम असतो, त्याभोवती पाणी धरणारा प्लास्टिकचा टब. ड्रमच्या पाठीला तीन हातांचा आधार असतो. तो बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ओतलेला असतो आणि त्याला स्पायडर म्हणतात. त्यातून निघालेला दांडा टबच्या पाठीतल्या बेअरिंगमध्ये फिरतो. बेअरिंगपर्यंत पाणी जाऊ नये म्हणून मध्ये एक रबरी सील असतं. हे शंभर-दोनशे रुपयांचं सील झिजलं, की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, गंज धरतो आणि पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज येऊ लागतो.

या बेअरिंगवर किती भार येतो ते पाहण्यासारखं आहे. ४८ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १४०० वेळा फिरला, की त्याच्या कडेला असलेल्या कपड्यावर पृथ्वीच्या ओढीच्या पाचशेपटींहून अधिक जोर येतो. समजा, कपडे नीट पसरले गेले नाहीत आणि ड्रमच्या एका बाजूला फक्त ३०० ग्रॅम वजन जास्त झालं. त्या वेगाला ते दांड्याला सुमारे १५८ किलो वजनाच्या जोराने ओढतं, आणि ही ओढ मिनिटाला १४०० वेळा दिशा बदलते. वेग १००० वर आणला तर हाच जोर सुमारे ८० किलोवर येतो, ७०० वर आणला तर चाळिसाच्या आसपास. वेग निम्मा, जोर चौथाई. म्हणून तर मशीन पिळण्यापूर्वी कपडे पुन्हा पुन्हा हलवून पसरवतं आणि काही वेळा चक्क नकार देतं. बेंडिक्सला बोल्ट का लागत होते, तेही यावरून कळतं.

दुकानात १४०० हा आकडा १००० पेक्षा चांगला म्हणून विकला जातो. जिथे महिनोन्महिने ऊन पडत नाही अशा देशातल्या फ्लॅटमध्ये तो चांगलाच आहे. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यातही त्याचा उपयोग होतो. पण सोलापूर, नगर, जळगावच्या उन्हात दोरीवरची चादर तासाभरात वाळते. तिथे हा वेग रोज वापरून बेअरिंगला शिणवण्याचं कारण नाही. मशीन कोणतंही घ्या. पिळण्याचा वेग कमी करण्याची सोय त्यात असते, ती वापरावी.

आता खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. काही मशीनमध्ये टबचे दोन अर्धे बोल्टने जोडलेले असतात. तो उघडता येतो, बेअरिंग आणि सील बदलता येतं. काहींमध्ये ते दोन अर्धे कायमचे जोडून टाकलेले असतात. मग सील गेलं तरी अख्खा टब बदलावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून माणूस नव्या मशीनच्या दुकानाची वाट धरतो. विक्रेत्याला हे बहुधा ठाऊक नसतं, मेकॅनिकला पक्कं ठाऊक असतं.

स्पायडरचा शत्रू वेगळा. साबणाची पावडर अल्कधर्मी असते आणि ॲल्युमिनियमला ते मानवत नाही. जास्त पावडर टाकली, ती नीट निथळली नाही, की ड्रमच्या पाठीमागे ओलसर लगदा साचतो आणि धातू हळूहळू खातो. सवयीने घातलेली मूठभर जास्त पावडर कपडे अधिक स्वच्छ करत नाही. मशीनचं आयुष्य मात्र कमी करते.

दहा वर्षांची वॉरंटी

मशीनवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं : मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी. हे आश्वासन खोटं नसतं, पण ते नेमकं कशाचं आहे ते समजून घ्यायला हवं.

जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात. ते झिजतात आणि बदलावे लागतात. आजच्या, इन्व्हर्टर म्हणून विकल्या जाणाऱ्या मोटरमध्ये ब्रशच नसतात. ती थेट ड्रमला जोडलेली असो की पट्ट्याने फिरवणारी, तिच्यात झिजण्यासारखं फार थोडं उरतं. म्हणजे कंपनी दहा वर्षांची हमी देते ती सहसा न बिघडणाऱ्या भागावर. बिघडतं ते दुसरंच : पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, पाणी बाहेर टाकणारा पंप, दाराचं कुलूप आणि रबर, शॉक ॲब्सॉर्बर, बेअरिंग आणि सगळ्यात महाग म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड. इन्व्हर्टर मोटरला चालवणारी वीजप्रणाली या बोर्डावरच असते. मोटर दहा वर्षं शाबूत राहते आणि तिला हुकूम देणारा बोर्ड विजेच्या एका झटक्यात जातो, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र आहे. पावसाळ्यात त्यात झुरळं आणि ओल यांची भर पडते. मोटरच्या वॉरंटीत बहुधा मोटर मिळते, मेकॅनिकच्या भेटीचे आणि मजुरीचे पैसे वेगळे.

म्हणून वॉरंटीचं कार्ड वाचताना मोठ्या आकड्याकडे पाहू नये. संपूर्ण मशीनवर किती वर्षं आहेत, बोर्ड त्यात धरला आहे का आणि मजुरी कोण देणार, या तीन ओळी शोधाव्यात. संपूर्ण मशीनवर चार वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी मोटरवर दहा वर्षं देणाऱ्या कंपनीपेक्षा अधिक मोठी जोखीम स्वतःकडे घेत असते. वाढीव वॉरंटी वेगळे पैसे देऊन घ्यायची झाली तर ती मूळ कंपनीची आहे की दुकानदाराने जोडलेल्या तिसऱ्याच कुणाची, हे आधी पाहावं.

पाणी कुठलं, किती उंचीवरून

आपल्याकडे तीन प्रकारची मशीनं मिळतात. दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक, वरून झाकण असलेलं फुल्ली ऑटोमॅटिक आणि समोरून दार असलेलं. कपडे स्वच्छ आणि जपून धुण्यात समोरचं दार सरस, पाणीही ते वरच्या झाकणाच्या मशीनच्या तुलनेत पुष्कळ कमी घेतं. पण हे मशीन लाडावलेल्या पाहुण्यासारखं असतं. त्याला ठरावीक दाबाचं पाणी, सलग वीज आणि सपाट जमीन लागते.

पाण्याचा दाब मोजायला उपकरण लागत नाही. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ साधारण एक बार दाब देतो, म्हणजे एका मीटरला एक दशांश बार. अनेक मशीनच्या माहितीपुस्तिकेत किमान ०.३ ते ०.५ बारच्या आसपास दाब मागितलेला असतो, काहींत त्याहून जास्त. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल आणि गच्चीवरच्या टाकीचा तळ तुमच्या नळापासून दोन मीटरच उंच असेल, तर दाब मिळतो ०.२ बार. मशीन पाणी भरत राहतं, भरत राहतं आणि शेवटी चूक दाखवून थांबतं. लोक म्हणतात, मशीन खराब लागलं. अशा घरात एक तर छोटा प्रेशर पंप बसवावा किंवा दाबाची अट नसलेलं मशीन घ्यावं. तिसऱ्या मजल्यावरच्या घराला हा प्रश्न पडतच नाही. एकाच इमारतीत एकाच मॉडेलबद्दल दोन टोकाची मतं का असतात, त्याचं हे एक साधं उत्तर.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जातीची. शाळेच्या पुस्तकात दुष्फेन आणि सुफेन पाणी असे शब्द होते. दुष्फेन म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही ते, आपल्या बोलीतलं जड पाणी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. दख्खनच्या पठारावर बोअरच्या पाण्यात क्षार पुष्कळ असतात, हे गिझरचा हीटर बदलणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पाणी तापलं की त्यातले बायकार्बोनेट कॅल्शियम कार्बोनेट होऊन हीटरवर पांढरा थर धरतात. थर जाड झाला की हीटर आतल्या आत तापून जातो. बोअरच्या पाण्यावर मशीन असेल तर रोजचं धुणं थंड पाण्यात करावं आणि दोन-तीन महिन्यांनी रिकामं मशीन सायट्रिक ॲसिड किंवा कंपनीची पावडर घालून गरम पाण्यावर चालवावं. नेहमी थंडच पाणी वापरलं तर रबरात आणि टबात बुळबुळीत थर धरून वास येतो. महिन्यातून एक गरम फेरी त्यावर उपाय आहे.

तिसरी गोष्ट पाण्याच्या वेळेची. जिथे नळाला दिवसाआड पाणी येतं आणि घरात टाकी नाही, तिथे आपोआप पाणी घेणारं मशीन घेणं म्हणजे रोज वाट पाहणं विकत घेणं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या दिवसांत कुठलं मशीन उपयोगी पडलं असतं, याचा विचार करून पाहावा. सेमी-ऑटोमॅटिकला बादलीने पाणी घालता येतं, साबणाच्या त्याच पाण्यात आधी पांढरे आणि मग रंगीत कपडे काढता येतात, वीज गेली तर झाकण उघडून कपडे हाताने पिळता येतात. त्यात बोर्ड नसतो. यांत्रिक टायमर, दोन मोटरी आणि एक गिअर बॉक्स असतो. तालुक्याच्या गावातला मेकॅनिक ते तासाभरात दुरुस्त करतो. शहरी डोळ्यांना ते मागासलेलं वाटतं, पण पाण्याची खात्री नसलेल्या घरात तेच सर्वांत भरवशाचं असतं. त्याची किंमत मात्र माणसाच्या वेळाने मोजावी लागते. कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकायला कुणीतरी उभं राहावंच लागतं, आणि ते कुणीतरी कोण, हे आपण वर पाहिलंच.

सांगणारे कोण

अमेरिकेतल्या ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ला १९३६ पासूनची परंपरा आहे, ब्रिटनमधलं ‘विच?’ १९५७ साली निघालं. या संस्था सभासदांकडून वर्षानुवर्षांचे अनुभव गोळा करतात. आपल्याकडे ग्राहक चळवळ दुबळी नव्हती. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत उभी आहे. या चळवळीने वजनमापं, भेसळ आणि फसवणूक यांच्याशी झुंज दिली, कायदे घडवायला हातभार लावला. पण उपकरणं दहा वर्षांनी कशी चालतात याची मोठी, पद्धतशीर नोंद आपल्याकडे रुजली नाही. २०१९ साली वॉशिंग मशीनला ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकित पट्टी आली. ती विजेचा खर्च सांगते, आयुष्याबद्दल काही सांगत नाही. पाच तारे म्हणजे पंधरा वर्षं असं समजू नये.

मग उरतात ती ऑनलाइन मतं आणि मेकॅनिक. ऑनलाइन मतं बहुतेक खरेदीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लिहिलेली असतात. त्यातून डिलिव्हरी वेळेवर आली का आणि बसवणारा माणूस नीट बोलला का, एवढंच कळतं. वाचायचीच तर दोन-तीन वर्षं जुन्या मॉडेलबद्दलची, आणि तक्रारीत कुठला भाग गेला हे सांगणारी मतं वाचावीत.

मेकॅनिकचं मत मोलाचं, पण तेही गाळून घ्यावं लागतं. तो फक्त बिघडलेली मशीनं पाहतो. गावात ज्या कंपनीची मशीनं सगळ्यात जास्त, तिचीच दुरुस्तीला जास्त येणार; त्यावरून ती वाईट ठरत नाही. म्हणून त्याला ‘कुठली कंपनी चांगली?’ असं विचारू नये. ‘कुठल्या मशीनचे भाग तुम्हांला बाजारात लगेच मिळतात?’ आणि ‘कुठल्या मशीनचा टब तुम्ही उघडू शकता?’ हे विचारावं. या प्रश्नांची उत्तरं तो स्वतःच्या हातांच्या अनुभवातून देतो.

दुरुस्तीचा हक्क

युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनसाठी नवा नियम लागू आहे. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान दहा वर्षं मोटर, पंप, शॉक ॲब्सॉर्बर, ड्रम, बेअरिंग असे ठरावीक सुटे भाग उपलब्ध ठेवणं आणि मागणी आल्यावर पंधरा कामकाजाच्या दिवसांत पोचवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. फ्रान्सने त्याच वर्षी जानेवारीपासून समोरून दार असलेल्या मशीनवर दहापैकी गुण देणारा दुरुस्ती-निर्देशांक छापायला लावला. मशीन किती सहज उघडता येतं, भाग किती वर्षं आणि काय किमतीला मिळतील, यावर हे गुण ठरत.

भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं संकेतस्थळ सुरू झालं. घरगुती टिकाऊ वस्तू हे त्यातलं एक क्षेत्र. कंपन्यांनी तिथे दुरुस्तीची, सुट्या भागांची माहिती द्यावी असा उद्देश आहे. कायद्याने बांधलेली दहा वर्षं मात्र त्यात नाहीत. उत्पादनात दोष निघाला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पण भागच मिळत नसेल तर निकालाने मशीन चालू होत नाही. कंपन्याही अमर नसतात. एकेकाळी घरोघरी असलेली व्हिडिओकॉन २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी अडचणीत येते तेव्हा तिची मशीनं लोकांच्या मोऱ्यांत तशीच चालू असतात. म्हणून पुष्कळ खपणाऱ्या, दोन-तीन वर्षं बाजारात असलेल्या साध्या मॉडेलचा फायदा असा, की कंपनी राहो न राहो, त्याचे भाग कुठून तरी जुळतात.

घेण्यापूर्वी

पहिला प्रश्न, बदलायचं का? हिशेब असा करावा. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. नवं मशीन ३०,००० रुपयांचं, रोज एक धुणं, आठ वर्षं चाललं तर २,९२० धुलाया. एका धुण्याला सुमारे सव्वादहा रुपये. जुन्याची दुरुस्ती ६,००० रुपयांची आहे. त्यानंतर ते दोन वर्षं चाललं तर एका धुण्याला सव्वाआठ रुपये पडले, म्हणजे दुरुस्ती परवडली. एकच वर्ष चाललं तर साडेसोळा रुपये, म्हणजे तोटा. सीमारेषा साधारण एकोणीस महिन्यांची. तेव्हा मेकॅनिकला ‘दुरुस्त होईल का?’ एवढंच न विचारता ‘झाल्यावर दीड-दोन वर्षं जाईल का?’ असं विचारावं. पंप, व्हॉल्व्ह, दाराचं रबर यासाठी मशीन बदलू नये. स्पायडर तुटला असेल, जोडलेला टब गेला असेल किंवा गंज अंगभर पसरला असेल, तर थांबावं.

बदलायचंच ठरलं, तर दुकानात जाण्यापूर्वी पाच गोष्टी कागदावर लिहाव्यात : आठवड्याला किती धुलाया, नळापासून टाकीची उंची, पाणी नगरपालिकेचं की बोअरचं, वीज किती वेळा जाते आणि अर्थिंग आहे का, गावात कुणाचं अधिकृत सेवा केंद्र आहे. सेवा केंद्राला दुकानदाराच्या भरवशावर न सोडता एकदा स्वतः फोन करून बोर्डाची आणि दाराच्या रबराची किंमत विचारावी. उत्तर देणारा गोंधळला, तर पुढची आठ वर्षं कशी जातील याचा अंदाज तिथेच येतो. भागाची किंमत मशीनच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढे असेल तर ते मशीन सोडावं. मग प्रकार ठरवावा, आणि सगळ्यात शेवटी कंपनी. वाय-फाय, वाफ, बोलणारं मशीन या गोष्टी वाईट नाहीत, पण प्रत्येक सोयीमागे बोर्डावर काहीतरी वाढतं आणि वाढलेलं काहीतरी एक दिवस बिघडतं. रोज तीन कार्यक्रम वापरले जातात. पंधरांचे पैसे मोजताना हे लक्षात असावं.

जुन्याचं काय

एक्स्चेंजमध्ये दिलेलं जुनं मशीन दारातून गेलं की आपल्या मनातूनही जातं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि वॉशिंग मशीन त्यात येतं. उत्पादकावर जुन्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी आहे. प्रत्यक्षात बरीच मशीनं भंगारवाल्याकडे जातात. त्यातला ड्रम कुठेतरी शेकोटीची जाळी होतो, मोटर दुसऱ्या मशीनमध्ये बसते, चांगला बोर्ड मेकॅनिकच्या कपाटात जातो. आपल्या गल्लीतली दुरुस्ती जिवंत आहे ती बऱ्याच अंशी या कपाटांमुळे. ओळखीचा मेकॅनिक असेल तर जुनं मशीन त्याला देणं हा एक्स्चेंजच्या हजार-दोन हजारांपेक्षा शहाणपणाचा व्यवहार ठरू शकतो. पुढच्या वेळी तोच आपल्या दारात येणार असतो.

पुढच्या पिढीला मशीन दर पाच वर्षांनी बदलणं नैसर्गिक वाटेल की लाजिरवाणं, हे आज आपण दुकानात काय विचारतो त्यावर बरंचसं ठरेल. ग्राहक रंग, तारे आणि सवलत विचारत राहिले तर कंपन्या रंग, तारे आणि सवलतच देतील. सुट्या भागांची किंमत आणि टब उघडतो का हे विचारणारे वाढले, की त्याचीही उत्तरं छापावी लागतील.